बसवलेला जॅझ मेलेला नसतो

‘जॅझ बसवायचा नसतो, तो सुचतो.’ हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते आता कुणा एकाचं राहिलेलं नाही. मैफल संपल्यावर चहा घेताना ते येतं, कधी रविवारच्या पुरवणीत येतं. सगळ्यात वाईट म्हणजे पियानो शिकायला नुकत्याच बसलेल्या माणसाच्या कानावर ते पडतं. त्याने बिचाऱ्याने सगळ्यांना ठाऊक असलेली एखादी चाल घेतलेली असते, उदाहरणार्थ ‘ऑटम लीव्ह्ज’, आणि ती दोन हातांत कशी बसेल हे तो पेन्सिलीने कागदावर मांडून पाहत असतो. शेजारचा जाणकार हसून म्हणतो, ‘अरे, लिहून कसला जॅझ? डोळे मीट आणि वाजव.’ तो डोळे मिटतो. वाजत काहीच नाही. आपल्यात ‘ते’ नाही अशी त्याची समजूत होते आणि पियानोवर इस्त्रीचे कपडे ठेवायला जागा होते.

हा सल्ला मला नुसता चुकीचा वाटत नाही, तो आळशी वाटतो. देणाऱ्याला काही शिकवावं लागत नाही, शिवाय वर रसिक म्हणून मिरवता येतं.

ज्यांनी जॅझ घडवला ते काय करत होते ते आधी पाहू. न्यू ऑर्लिन्सचा पियानिस्ट जेली रोल मॉर्टन ‘जॅझचा शोध मीच लावला’ असं सांगत फिरायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. पण त्याची ‘जेली रोल ब्लूज’ १९१५ साली मांडणीसकट छापून आली, ही काही त्याची बढाई नाही. पुढे १९२६ मध्ये शिकागोत त्याने ‘रेड हॉट पेपर्स’ या ताफ्याबरोबर जी ध्वनिमुद्रणं केली त्यांत कुठल्या दोन बारांत कोण एकटा वाजवणार, सगळे कुठे एकदम थांबणार, क्लॅरिनेट कुठे वर चढणार, हे सगळं आधी ठरलेलं होतं. ऐकताना मात्र वाटतं, रस्त्यावर आत्ता दंगा सुरू झालाय.

मॉर्टनला पियानोवाला म्हणून बाजूला ठेवा. उत्स्फूर्ततेचं दैवत म्हणून ज्याची पूजा होते त्या लुई आर्मस्ट्राँगकडे या. ‘कॉर्नेट चॉप सुई’ त्याने फेब्रुवारी १९२६ मध्ये ध्वनिमुद्रित केली. त्या चालीचा त्याच्या स्वतःच्या हातचा कागद हक्कनोंदणीसाठी जानेवारी १९२४ मध्येच वॉशिंग्टनला पोचला होता, आणि ज्या कॉर्नेटवादनाला लोक ‘त्या क्षणी सुचलेलं’ म्हणतात त्यातला बराचसा भाग त्या कागदावर आहे. दोन वर्षं आधी! हे कळल्यावर ते वादन कमी जिवंत वाटू लागलं असेल तर दोष ऐकणाऱ्याच्या कानांचा.

पियानोपुरतं बोलायचं तर आर्ट टेटम. दृष्टी जवळजवळ नसलेला, टोलेडो गावचा हा माणूस वाजवायला बसला की भलेभले पियानिस्ट उठून बाजूला व्हायचे. त्याची ‘विलो वीप फॉर मी’ १९४९ ची आणि नंतर पन्नासच्या दशकात निर्माता नॉर्मन ग्रँझसाठी केलेली, एकापुढे एक लावून ऐका. प्रस्तावना तीच, कुठे थांबायचं ते तेच, मधल्या धावा जवळपास जागच्या जागी. टेटमने ती चाल बसवली होती. वर्षानुवर्षं घासूनपुसून, एकेक सांधा तपासून बसवली होती. कुणी त्याला ‘डोळे मीट आणि वाजव’ म्हणालं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.

यावर समोरचा पक्ष आपलं सगळ्यात भक्कम अस्त्र काढतो, पियानिस्ट बिल एव्हन्स. ‘मॉर्टन, टेटम जुने झाले. एव्हन्सच्या त्रिकूटात तिघं एकमेकांशी बोलतात, तिथे कसली आलीय मांडणी?’ युक्तिवाद दमदार आहे, म्हणून थोडं थांबून पाहू. शिवाय एव्हन्सने वाजवलेल्या चालींपैकी एक तीच, आपल्या शिकाऊ माणसाने कागदावर घेतलेली.

‘ऑटम लीव्ह्ज’ मुळात अमेरिकनही नाही आणि जॅझही नाही. हंगेरीत जन्मलेल्या जोसेफ कोस्माने ती पॅरिसमध्ये १९४५ च्या सुमारास रचली, कवी झाक प्रेव्हेरने तिला फ्रेंच शब्द दिले आणि १९४६ च्या मार्सेल कार्नेच्या चित्रपटातून ती लोकांपुढे आली. इंग्रजी शब्द जॉनी मर्सरचे. १९५५ मध्ये रॉजर विल्यम्स नावाच्या पियानिस्टची तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यात वरून खाली ओघळणाऱ्या सुरांच्या इतक्या सरी आहेत की पानगळ दाखवायची राहून जाईल याची त्याला भीती वाटत असावी. ती मांडणी मला आवडत नाही. पण तीही मांडणीच आहे, हे मला कबूल केलंच पाहिजे, नाहीतर चांगली तेवढी मांडणी आणि वाईट ती बनवाबनवी अशी सोयीची वाटणी होते.

त्याच वर्षी पियानिस्ट अहमद जमालने आपल्या त्रिकूटाबरोबर हीच चाल वाजवली. माइल्स डेव्हिस जमालवर फिदा होता. ९ मार्च १९५८ रोजी हॅकेनसॅकच्या स्टुडिओत सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या ‘समथिन एल्स’ या तबकडीसाठी ‘ऑटम लीव्ह्ज’ ध्वनिमुद्रित झाली तेव्हा तिची ती काळोखी, जमिनीलगत सरपटणारी प्रस्तावना जमालच्या मांडणीच्या वळणावरच उभी राहिली. प्रस्तावना संपते आणि म्यूट लावलेल्या ट्रम्पेटवर माइल्स चाल म्हणतो, जवळजवळ काहीही न सजवता. चाल साधी ठेवायची आणि भोवतीचं वातावरण आधी बांधून घ्यायचं, हा निर्णय आहे. तो कुणीतरी घेतला, कुणीतरी कुणाकडून उचलला. त्या दहा-अकरा मिनिटांत ज्याला जे सुचलं ते या चौकटीमुळे सुचलं.

आणि एव्हन्स? २८ डिसेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांच्याबरोबर त्याने हीच चाल वाजवली. चाल संपल्यावर नेहमीसारखा पियानोचा सोलो सुरू होत नाही. बास बोलू लागतो, पियानो मध्येच उत्तर देतो, ड्रम तिसरंच काही म्हणतो, ठेका धरून कुणीच बसलेलं नाही. सुदैवाने त्या दिवसाची दोन ध्वनिमुद्रणं आज मिळतात. दोन्ही ऐका. तालाला आडवी जाणारी ती तुटक प्रस्तावना दोन्हींत आहे. चाल कधी संपवायची, संभाषण कुठे सुरू करायचं, सरळ स्विंग कुठे धरायचा, हा आराखडाही तोच. बदलतं ते या मधल्या जागेत तिघं काय बोलतात ते. ‘इथे कुणीच ठेका धरायचा नाही’ हे तिघांनी ठरवल्याशिवाय तिघांपैकी दोघे सवयीने ठेका धरतीलच. म्हणजे ज्या मोकळेपणाचा दाखला मला देतात, तोच सगळ्यात काटेकोरपणे बसवलेला आहे.

आता पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाकडे वळू, कारण खरा वाद त्याच्या टेबलावरचा आहे.

त्याच्यापुढे असतं एक पान. वर एकेरी चाल, डोक्यावर कॉर्डची नावं. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सत्तरच्या दशकात अशा पानांचा एक बेकायदा संग्रह केला, ‘रिअल बुक’. झेरॉक्सच्या दुकानांनी तो जगभर पोचवला, आणि २००४ मध्ये तो रीतसर हक्क घेऊन छापला गेला. या पानावर पियानोचं काहीच नसतं. डाव्या हाताने काय करायचं, कुठला सूर गाळायचा, दोन हातांमध्ये किती अंतर ठेवायचं, याबद्दल एक अक्षर नाही. शिकाऊ माणूस साहजिकच उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने चार सुरांची अख्खी कॉर्ड, तीही खालच्या सप्तकात, दाबून धरतो. आवाज गढूळ होतो. पियानोच्या खालच्या भागात जवळजवळचे सूर एकत्र वाजले की त्यांचे उपस्वर एकमेकांना भिडतात आणि नुसती घरघर उरते. इथे डोळे मिटून उपयोग नाही, उघडून पाहावं लागतं.

‘ऑटम लीव्ह्ज’ जी मायनरमध्ये घ्या. चालीचे पहिले तुकडे एकाच घडणीचे आहेत. तीन सूर पायरी पायरीने वर, मग एक उडी आणि लांब मुक्काम. मुक्कामाचे सूर ओळीने ई फ्लॅट, डी, सी, बी फ्लॅट असे एकेक पायरी उतरतात. खाली कॉर्ड फिरतात त्या सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, मग ए हाफ-डिमिनिश्ड, डी सेव्हन आणि जी मायनर. आता गंमत पाहा. ई फ्लॅट हा सी मायनरचा तिसरा सूर. तो पुढच्या बारात तसाच रेंगाळतो आणि एफ सेव्हनचा सातवा होतो. डी हा बी फ्लॅटचा तिसरा, मग तोच ई फ्लॅटचा सातवा. सीचंही तेच. कुठलीही कॉर्ड ओळखू येते ती तिच्या तिसऱ्या आणि सातव्या सुरावरून, आणि त्यातला एक सूर कोस्माने आधीच चालीत घालून ठेवलाय.

म्हणजे डाव्या हाताला अख्खी कॉर्ड वाजवायची गरजच नाही. करंगळीने मूळ सूर आणि अंगठ्याने दोघांपैकी जो चालीत नाही तो, बस्स. सी मायनरवर अंगठा बी फ्लॅटवर. एफवर तो अर्धा सूर खाली, ए. बी फ्लॅटवर तिथेच. ई फ्लॅटवर जी. ए-वर तिथेच. डी-वर एफ शार्प. सहा बारांत अंगठा फक्त चार पट्ट्यांवर फिरला, तोही उडी न मारता, आणि करंगळी-अंगठ्यातलं अंतर आलटून पालटून सातवं आणि तिसरं राहिलं. कुठल्याही मध्यम आकाराच्या हातात हे बसतं. तीन सुरांत सगळा सुरमेळ उभा राहतो आणि मधून एक उतरती ओळ वाहू लागते. ही ओळ पानावर कुठेच लिहिलेली नव्हती.

सातव्या बारात जी मायनर येतो, वर चालीत बी फ्लॅट, आणि अंगठा एफ शार्पवर उभा आहे. आता कुठे जायचं? वर जी-वर गेला तर दार लागल्यासारखं घट्ट मिटतं. खाली एफ-वर गेला तर ओळ उतरतच राहते आणि शेवट सैल, थोडा उदास होतो. आणखी खाली ई-वर गेला तर मायनरला तो सहावा सूर लागतो आणि चाल अचानक धुराने भरलेल्या खोलीत गेल्यासारखी वाटते. किंवा हलूच नका, एफ शार्प तसाच धरा, म्हणजे मायनरच्या पोटात एक काटा राहतो. चार पर्याय, चार वेगळे स्वभाव. पहिल्या फेरीत सैल शेवट ठेवून दुसऱ्या फेरीत घट्ट मिटवलं, तर तुम्ही ऐकणाऱ्याशी बोलायला लागलात.

यालाच मी मांडणी शिकणं म्हणते. ‘सुचणं’वाल्यांना मला एवढंच विचारायचंय की या चार पर्यायांची ओळख नसलेल्या माणसाला त्या क्षणी सुचणार तरी काय? त्याच्या हाताला एकच जागा माहीत असते आणि तो दर वेळी तिथेच जातो. सवयीने वाजलेल्या एकाच गोष्टीला उत्स्फूर्त म्हणण्याची आपल्याकडे मोठी पद्धत आहे.

इथे ख्यालाचा दाखला येतो, यायचाच. ‘आमच्याकडे गायक आधी लिहून ठेवतो का? बंदिशीचा मुखडा हातात, बाकी सगळं मैफलीत.’ बंदिशही कुणीतरी बसवलेलीच असते आणि रियाजात घोटलेल्या ताना मैफलीत कशा ‘सुचतात’ हे गाणारे चांगलं जाणून असतात, तो भाग सोडून देऊ. मुद्दा वेगळा आहे. ख्यालात एका वेळी एक स्वर पुढे असतो, त्याच्या मागे तंबोऱ्याचा स्थिर षड्ज. पियानोवर जॅझ वाजवणाऱ्याला एकाच क्षणी तीन-चार ओळी सांभाळायच्या असतात, आणि त्या प्रत्येकीला आपली वाट हवी असते. एक बोट चुकीच्या दिशेने गेलं की मधली ओळ तुटते. गळ्याला जी अडचणच कधी आली नाही तिच्यावर गळ्याचा उपाय सांगणं फुकाचं आहे. ख्याल मलाही आवडतो, पण म्हणून तो प्रत्येक कज्ज्यात साक्षीदार म्हणून उभा करायचा का?

मांडणीला कमी लेखायची ही सवय मुंबईला जुनी आहे, आणि तिची किंमत खऱ्या माणसांनी मोजलीय. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईत आले, हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि मग चित्रपटांच्या स्टुडिओत शिरले. ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट (खरं नाव अँतोनियो झेव्हियर वाझ), माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा आणि हे लोक ती ऐकून पन्नास वादकांचे कागद लिहायचे, कुठे व्हायोलिनचा ताफा, कुठे सॅक्सोफोन, ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत काय. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या गाण्यांना जो झटका आहे त्यामागे चिक चॉकलेटचा हात आहे, तो पडद्यावर दिसतोही. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतल्या वाद्यवृंदाच्या लाटा लोकांना पाठ आहेत. त्या लाटा कागदावर उतरवणाऱ्या सेबॅस्टियनचं नाव किती जणांना पाठ आहे? स्टुडिओत त्यांना ‘अरेंजर’ म्हणत, पडद्यावरच्या नामावलीत आलंच तर ‘सहायक’. चाल ती कला आणि मांडणी ती कारागिरी, ही आपली जुनी वर्णव्यवस्था. ‘जॅझ बसवायचा नसतो’ हे तिचंच इंग्रजी शाळेत गेलेलं रूप.

समोरच्या पक्षाचं एक म्हणणं मात्र मला पटतं, आणि ते मान्य न करणं अप्रामाणिकपणा ठरेल. बसवलेलं म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं खरोखर मेलेलं असतं. तयार मांडणीचं पान विकत घ्यायचं, सूर न् सूर पाठ करायचा, नातेवाइकांपुढे वाजवायचा. त्या पानावर सातव्या बारात अंगठा ई-वर का आहे हे वाजवणाऱ्याला माहीत नसतं, कारण तो निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. त्याहून फसवी एव्हन्सची नक्कल. एव्हन्स डाव्या हाताच्या कॉर्डमधून मूळ सूर बऱ्याचदा गाळतो. ते सुंदर लागतं, कारण तो सूर लाफारो खाली वाजवतोय. घरात एकटा बसलेला माणूस तीच कॉर्ड उचलतो आणि सगळी चाल अधांतरी लोंबकळते. आपल्याला एव्हन्ससारखं ‘फील’ येत नाही म्हणून तो खंतावतो. फील नव्हे, बासवाला कमी आहे! एकट्याच्या पियानोसाठी बड पॉवेलच्या डाव्या हातासारखा दोन सुरांचा सांगाडा घ्यावा, किंवा एरल गार्नरसारखा गिटारच्या ठोक्यांचा डावा हात, किंवा जॉर्ज शिअरिंगच्या पद्धतीने दोन्ही हात एकत्र बांधावेत. कुठलं घ्यायचं हे चाल पाहून ठरतं, पण ‘मी एकटा वाजवतोय की बासबरोबर’ हा प्रश्न त्याच्याही आधीचा. पान विकणारा तो विचारत नाही आणि डोळे मिटवणाराही विचारत नाही. म्हणून हे दोघे मला एकाच दुकानाचे भागीदार वाटतात.

राहिला स्विंग. तो लिहिता येत नाही, खरं आहे. दोन आठव्या मात्रांमधला तो किंचित ओढा कागदावर उमटत नाही, तो ऐकून, पायाने ठोका देत, तबकडीबरोबर वाजवूनच अंगात भिनतो. पण स्विंग लिहिता येत नाही म्हणून मधली ओळही लिहायची नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? उलट कुठला सूर येणार याची हाताला खात्री असली की लक्ष तालाकडे द्यायला मोकळं होतं. पुढची कॉर्ड शोधत अडखळणाऱ्या हाताला स्विंग कधीच लागलेला मी पाहिला नाही.

आणि ‘इतकी वापरून गुळगुळीत झालेली चाल कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी. गुळगुळीत आहे म्हणूनच. ती ऐकणाऱ्याला पाठ आहे, त्यामुळे प्रत्येक सूर वाजवून दाखवायची सक्ती तुमच्यावर नाही. दुसऱ्या फेरीत पहिले तीन सूर गाळा आणि थेट ई फ्लॅटवर उतरा, गाळलेले सूर तो मनात म्हणेल. शेवटच्या आठ बारांत कॉर्ड जी मायनरवरून अर्ध्या अर्ध्या सुराने खाली घसरत ई फ्लॅटवर येतात, तिथे चाल सोडून नुसती ती घसरण वाजवा, तरी त्याला कळेल आपण कुठे आहोत. अनोळखी चालीवर ही मोकळीक मिळत नाही. कुठले सूर गाळायचे ते आज ठरवा आणि पेन्सिलीने गोल करा. उद्या वाजवताना वेगळेच गाळावेसे वाटले, तर खोडरबर असतोच.